खरं रडणं की बसवलेलं? रोमन वक्त्यांबद्दल विचारायचं आहे

ओसरी

नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि गेली १९ वर्षं मुलांची वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेते. प्रश्न रोमचा आहे, पण तो मला का पडला ते आधी सांगते.

डिसेंबरात आमची आठवीतली एक मुलगी तालुक्याच्या स्पर्धेत बोलली. विषय आजीचा होता आणि तिची आजी जूनमध्येच गेली होती. तालमीत एका वाक्यापाशी तिचा आवाज फुटायचा. दर वेळी त्याच वाक्यापाशी. ते वाक्य काढूया का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको बाई, राहू दे." स्पर्धेतही तिथेच आवाज फुटला. निकालाच्या वेळी एका परीक्षकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "रडणं छान बसवलंय, पण हे वक्तृत्व आहे, नाटक नाही." परतीच्या एसटीत ती अवाक्षर बोलली नाही.

तेव्हापासून वक्तृत्वावर हाताला लागेल ते वाचतेय. सिसेरो या रोमन वक्त्याच्या 'दे ओरातोरे' या संवादात एका प्रसंगापाशी अडकले. मार्कस अँटोनियस नावाचा मोठा वकील, म्हणजे क्लिओपात्राच्या गोष्टीतल्या अँटनीचा आजोबा, मानियस अक्विलियस या जुन्या सेनापतीचा बचाव करतोय. आरोप प्रांतात पैसे उकळल्याचा. भाषणाच्या शेवटी अँटोनियस त्याला उभा करतो, त्याचा अंगरखा फाडतो आणि छातीवरचे जुने व्रण पंचांना दाखवतो. तिथे बसलेल्या गायस मारियससारख्या सेनानीच्या डोळ्यांत पाणी येतं. अक्विलियस सुटतो. आणि हाच अँटोनियस पुढे सांगतो, की मला स्वतःला कळवळा आला, मगच मी तो दुसऱ्यांत जागवायला गेलो. यात कसब नव्हतं, आतली कालवाकालव होती.

भरसभेत अंगरखा फाडणारा माणूस असं म्हणतो, ते खरं मानायचं का? समोरच्या रोमन लोकांना काय वाटत असेल? त्यांना हे बसवलेलं आहे असं कळत नव्हतं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं, मला खरंच हवं आहे.

सातारकर_वकील

ताई, आधी त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

मी ३४ वर्षं साताऱ्याला फौजदारी वकिली केली. सिसेरो हाती आला तो निवृत्तीनंतर, त्यामुळे माझं वाचन पंडिताचं नाही, कोर्टात उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. मी आयुष्यभर बोललो ते एका न्यायाधीशासमोर, आणि ते बहुतेक वेळ मान खाली घालून लिहीत असायचे. रोममधला खटला फोरमच्या चौकात, उघड्या आभाळाखाली चालायचा. पंच बाकांवर बसलेले, त्यांच्याभोवती उभ्या माणसांचं कडं. त्या कड्याला ते 'कोरोना' म्हणत, म्हणजे डोक्यावर घालायचा हार. बाजाराला आलेला, देवळात चाललेला, कुणीही थांबून ऐकायचा. राजकीय सभा भरायची ती रोस्ट्रासमोर. रोस्ट्रा हा बोलायचा कट्टा, इ.स.पू. ३३८ मध्ये अँटियमच्या पकडलेल्या जहाजांची नाकाडं त्याला लावलेली. अशा सभेला 'कोन्तिओ' म्हणायचे. तिथे मतदान नसे. पदावरचा माणूस सभा बोलवायचा आणि लोक उभ्यानं ऐकायचे. ग्रीक लोक बसून सभा करतात म्हणून बहकतात, असं सिसेरोनं एका खटल्यात सुनावलंय. मत द्यायचं नसलं तरी त्या लोकांच्या हातात बरंच काही होतं. ते ओरडायचे, हसायचे, गप्प व्हायचे.

इ.स.पू. ५६ च्या फेब्रुवारीतलं सिसेरोचं भावाला लिहिलेलं पत्र आहे. क्लोडियस हा पुढारी आपल्या माणसांना ओरडून विचारतो, "लोकांना उपाशी कोण मारतंय?" गर्दी म्हणते, "पॉम्पी!" "अलेक्झांड्रियाला जायची घाई कुणाला?" "पॉम्पी!" "तुम्हाला कोण जायला हवा?" "क्रॅसस!" आणि मग दोन्हीकडचे लोक एकमेकांवर थुंकायला लागतात. सांगायचं एवढंच, की रोमन श्रोता हा हाताची घडी घालून बसलेला माणूस नव्हता.

सिसेरो 'ब्रूटस' या पुस्तकात म्हणतो, पावा फुंकूनही वाजत नसेल तर वाजवणारा तो टाकून देईल, आणि वक्त्याचा पावा म्हणजे लोकांचे कान. त्याच पुस्तकात आणखी एक जागा आहे, ती मी वहीत उतरवून ठेवलीय. जाणता माणूस कोर्टावरून नुसता चालत गेला, एक शब्द नीट ऐकला नाही, तरी सांगेल की तिथे वक्ता आहे की नाही. पंच जांभया देत असतील, शेजाऱ्याशी बोलत असतील, किती वेळ झाला ते बघायला माणूस धाडत असतील, तर नाही. ताठ होऊन एकटक बघत असतील, तर आहे. माझ्या पहिल्या दहा वर्षांत कुणी हे सांगितलं असतं तर मी कागदांपेक्षा समोरच्या तोंडाकडे जास्त पाहिलं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. अँटोनियसवर विश्वास ठेवायचा का? तो स्वतःच शंका ओळखून नटाचा दाखला देतो. तो म्हणतो, रंगमंचावर मी बघितलंय, मुखवट्याच्या आडून नटाचे डोळे पेटलेले दिसायचे. नट तर रोज तेच दुःख करतो, दुसऱ्यानं लिहिलेलं, कधीच्या काळच्या राजाचं. मग ज्याच्याशेजारी जिताजागता मित्र आरोपी म्हणून बसलाय त्याला का पेटू नये? आणि तो म्हणतो, कितीही सुकं लाकूड असलं तरी विस्तव लावल्याशिवाय पेटत नाही.

पण याच सिसेरोनं दहा वर्षांनी, इ.स.पू. ४५ मध्ये, उलटं लिहिलं. वक्त्यानं रागावणं मुळीच शोभत नाही, रागाचं सोंग मात्र चालेल. ही दोन वाक्यं एका माणसाची आहेत हे कळलं तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं होतं. आता वाटतं, त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि त्यानं ते लपवलं नाही.

गायस ग्राकस या लोकनेत्याचंच बघा. भावाला, टायबेरियसला, सिनेटरांनी ठेचून मारलेलं. दहा-बारा वर्षांनी हा लोकांपुढे विचारतो, "मी अभाग्यानं कुठे जावं? कॅपिटोलवर? तिथे माझ्या भावाचं रक्त वाहतंय. घरी? तिथे आई रडत पडलीय, ती बघायला?" सिसेरो लिहितो की त्याचे शत्रूसुद्धा रडू आवरू शकले नाहीत. आणि हाच गायस बोलताना मागे एक माणूस उभा करायचा, हस्तिदंती पावा घेऊन. आवाज फार चढला की तो हळूच खालचा स्वर द्यायचा, ढिला पडला की वरचा. भाऊ खरा मेला होता आणि पावाही खरा होता.

बसवलेलं ओळखू यायचं का, तर यायचं. क्विंटिलियन हा पहिल्या शतकातला शिक्षक, म्हणजे तुमच्याच पेशातला. त्यानं एक प्रसंग दिलाय. वकिलानं दयेसाठी एक मूल पुढे आणलं, मूल रडत होतं. त्याला विचारलं, का रडतोस? मूल म्हणालं, सांभाळणारा चिमटा काढतोय. झालं सगळं. आणि सिसेरोनं स्वतः एका खटल्यात कॅलिडियस या फिर्यादी वकिलाला धरलं होतं. कॅलिडियस सांगत होता की आरोपीनं मला विष घालायचा प्रयत्न केला, पण इतक्या थंडपणे, की सिसेरो उठून म्हणाला, खरं असतं तर असा बोलला असतास का? कपाळावर हात मारला नाहीस, मांडीवर मारला नाहीस, पायसुद्धा आपटला नाहीस. आम्हाला इथे झोप यायला लागली होती! न रडणं हा तिथे पुराव्यासारखा वापरला गेला.

शेवटी माझं सांगतो. मी नवीन होतो तेव्हा माझे सीनियर म्हणायचे, जामिनाच्या दिवशी आरोपीच्या आईला पहिल्या बाकावर बसव. एका पोराच्या वेळी मी तसं केलं. ती त्याची आई होती. ती मनापासून रडत होती. आणि तिला तिथे मी बसवलं होतं. यातलं एकही खोटं नाही, आणि अँटोनियसला मी याच अनुभवावरून समजून घेतो.

पाटीपेन्सिल

वकीलसाहेब, तुमचं लिहिणं आवडलं, पण मला हे इतकं सोपं वाटत नाही. सर्व्हियस गाल्बाचं नाव तुम्ही घेतलं नाहीत.

लुसिटानियातल्या, म्हणजे आजच्या पोर्तुगालकडच्या लोकांना त्यानं जमीन देतो म्हणून बोलावलं, शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि कापून काढलं. उरलेल्यांना विकलं. इ.स.पू. १४९ मध्ये रोममध्ये त्याच्याविरुद्ध ठराव आला तेव्हा म्हातारा केटो, आयुष्याच्या अगदी शेवटी, त्याच्याविरुद्ध उभा राहिला. गाल्बानं काय केलं? आपली लहान मुलं लोकांपुढे आणली. नात्यातला एक पोरका मुलगा त्याच्याकडे होता, त्याला जवळजवळ खांद्यावरच घेतला, आणि रडत रडत ही पोरं रोमन जनतेच्या ओटीत घालतो म्हणाला. सुटला. पाच वर्षांनी कॉन्सुलही झाला, म्हणजे रोममधलं सर्वोच्च पद. केटोनं लिहून ठेवलं की पोरं आणि अश्रू नसते तर त्याला शिक्षा झाली असती. त्या लुसिटानियन लोकांचीही पोरं होतीच. ती फोरममध्ये कुणी आणली नाहीत, आणणं शक्यच नव्हतं. ज्याचं दुःख चौकात पोचतं त्याचीच दया येते, हा या सगळ्या कलेतला अन्याय मला सोसवत नाही.

आणि सिसेरो. इ.स.पू. ६३ साल, तोच माणूस, तेच कॉन्सुलपद. जमिनीच्या कायद्यावर लोकांपुढे बोलताना तो ग्राकस बंधूंना शहाणे आणि जनतेचे कैवारी म्हणतो. त्याच वर्षी सिनेटमध्ये कॅटिलिना या बंडखोरावर बोलताना टायबेरियस ग्राकसला मारणाऱ्याचा आदर्श सांगतो. ऐकणारे बदलले की प्रेमही बदलतं. मग 'आधी मला कळवळा आला' हे कोणत्या तोंडाचं मानायचं?

सातारकर_वकील

तुमचा राग मला पटतो. लुसिटानियन पोरांबद्दलचं वाक्य मी विसरणार नाही. त्याच वर्षी, १४९ मध्ये, प्रांतातल्या लुटीसाठी पहिलं कायमचं न्यायालय स्थापन झालं, एवढंच त्यापुढे ठेवता येतं. त्यानं मेलेले परत आले नाहीत.

सिसेरोच्या दोन तोंडांचा बचाव मी करणार नाही. लोकांपुढे काय बोललं म्हणजे ऐकतील हे त्याला नेमकं माहीत होतं, आणि त्यानं ते वापरलं.

फक्त दुसरी बाजूही बघा. रुटिलियस रूफस, इ.स.पू. ९२. आशिया प्रांतात रोमन करवसुली ठेकेदारांचा जाच रोखायला मदत केली म्हणून ठेकेदारांच्याच वर्गातल्या पंचांनी त्याला लुटीच्या आरोपात अडकवलं. तो स्टोइक, म्हणजे भावना आवरून धरणाऱ्या विचारांचा. त्यानं विनवणी करू दिली नाही, कुणी उसासा टाकला नाही, पाय आपटला नाही. साधं, सरळ, जेवढ्यास तेवढं बोलणं. दोषी ठरला. मग राहायला गेला तो स्मर्नाला, म्हणजे ज्या प्रांताला लुटल्याचा आरोप त्याच प्रांतात, आणि तिथल्या लोकांनी त्याला मानानं ठेवून घेतलं. याहून मोठं निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र मला माहीत नाही. गाल्बा रडून सुटला, रुटिलियस न रडून बुडाला. अँटोनियस या रुटिलियसबद्दल हळहळतो, म्हणतो की जणू काही प्लेटोच्या कल्पनेतल्या नगरीत खटला चालला होता.

क्लोडियसचा वैरी मिलो, त्याचंही तसंच. इ.स.पू. ५२, जानेवारी. अपियन रस्त्यावर त्याच्या लोकांनी क्लोडियसला मारलं. क्लोडियसचं प्रेत रोस्ट्रावर आणून जखमा लोकांना दाखवल्या गेल्या, आणि लोकांनी ते सिनेटच्या सभागृहात नेऊन बाकांची चिता रचली. सभागृहच जळलं. (आठ वर्षांनी सीझरच्या प्रेताभोवती हेच पुन्हा घडलं.) एप्रिलमध्ये मिलोचा खटला उभा राहिला तेव्हा शहरातली दुकानं बंद, फोरमभोवती पॉम्पीचे सैनिक, समोर क्लोडियसचे लोक ओरडतायत. बचावाला फक्त तीन तास. रिवाज असा, की आरोपीनं दाढी वाढवून, मळकी काळी वस्त्रं घालून यायचं. मिलोनं नाही म्हटलं. जसा होता तसा आला. बचाव करणाऱ्या सिसेरोचा नेहमीचा धीर त्या दिवशी टिकला नाही. ३८ विरुद्ध १३ मतांनी मिलो दोषी ठरला आणि मासिलियाला, आजच्या मार्सेयला, हद्दपारीत गेला. नंतर लिहून काढलेल्या भाषणात सिसेरो म्हणतो, मिलो रडत नाही म्हणून त्याच्या वाटचं मी रडतो. ते वाचताना माझा गळा दाटतो, आणि पंचांनी ते त्या रूपात ऐकलं नाही म्हणून जास्तच.

एरवी मोठ्या खटल्यात चार-सहा वकील असले की शेवटचं भाषण सगळे सिसेरोकडेच द्यायचे. त्याचं कारण तो स्वतः सांगतो, की मी बुद्धीनं नाही, दुःखानं त्यांच्यापुढे जायचो. एकदा तान्हं बाळ हातांवर घेऊन त्यानं समारोप केला होता, आणि दुसऱ्या एका खटल्यात फोरमभर रडारड झाली होती.

लॅटिनची_वही

मी हायडेलबर्गला लॅटिन शिकते, जन्म नाशिकचा. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय ती सांगते, कारण मला त्यातच जास्त आनंद मिळतो. रोमन लोक रडायचे, तसे नुसत्या लयीनंही उसळायचे.

इ.स.पू. ९० च्या सुमाराची सभा. सिसेरो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, गर्दीत उभा होता. कार्बो नावाचा ट्रिब्यून, म्हणजे जनतेचा निवडलेला प्रतिनिधी, बोलत होता आणि त्यानं एक वाक्य असं संपवलं: "पात्रिस दिक्तुम सापिएन्स तेमेरितास फिली कॉम्प्रोबाविट". म्हणजे बापाचं शहाणं बोलणं मुलाच्या अविचारानं खरं करून दाखवलं. त्या शेवटच्या शब्दावर सभेतून असा आरडाओरडा उठला की सिसेरोला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो आठवत होता. तो कारण देतो लयीचं. कॉम्-प्रो-बा-विट, गुरू-लघु गुरू-लघु (वाक्याच्या टोकाचं अक्षर सैल धरतात). आणि मग तो शब्दांची अदलाबदल करून दाखवतो, 'कॉम्प्रोबाविट फिली तेमेरितास' असं. अर्थ तोच राहतो आणि वाक्य मात्र पडतं.

आपल्याकडे गझल लिहिणारे 'गालगागा' मोजतात ना, तसं ते मोजायचे. फरक इतकाच, की हे गद्य होतं, आणि ऐकणाऱ्या भाजीवाल्याला, चांभाराला लघु-गुरूचे नियम कुणी शिकवलेले नव्हते. सिसेरो म्हणतो, नियम माहीत नसले तरी नटानं एक मात्रा चुकवली की अख्खं नाट्यगृह ओरडतं. मला हे फार मोठं वाटतं. ज्यांना तो एरवी अडाणी जमाव म्हणायचा, त्यांच्या कानांना त्यानं शेवटचं न्यायालय मानलं.

ओसरीताई, तुमच्या मुलीचा आवाज दर वेळी त्याच वाक्याला फुटतो म्हणालात. ते वाक्य कसं संपतं ते एकदा मोठ्यानं वाचून बघाल का? कदाचित अर्थाइतकीच ती त्याची चाल असेल. आणि क्विंटिलियनचं सहावं पुस्तक जरूर वाचा. तो सांगतो की स्वतःला हलवायचं तर चित्र डोळ्यांपुढे आणायचं. खुनाबद्दल बोलायचं असेल तर मारेकरी अचानक अंगावर येताना मला दिसायला नको का? तो माणूस दचकताना, ओरडताना, त्याचं पांढरं पडलेलं तोंड? क्विंटिलियन म्हणतो, मी कितीदा असा हेलावलोय, की नुसते अश्रू नाहीत, माझा चेहराही खरोखर फिका पडायचा. तो दरबारी स्तुतीही करायचा, पण या पानांवर तो खरं बोलतोय असं मला वाटतं. आणि तोच बजावतो की दया फार ताणू नका, अश्रूइतकं लवकर काही वाळत नाही.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण शनिवारची शाळा होऊन जायची होती.

पाटीपेन्सिल, तुमचं म्हणणं मी वर्गात सांगितलं, नावं न घेता. कुणाची मुलं चौकात आली आणि कुणाची येऊच शकली नाहीत. नववीतला एक मुलगा म्हणाला, "मग त्यांच्या बाजूनं बोलायला कुणीतरी जायला हवं होतं." मी केटोचं नाव सांगितलं, आणि तो हरला हेही.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला जवळ बसवून क्विंटिलियनचं सांगितलं. मग विचारलं, त्या वाक्याला तुला काय दिसतं? वाक्य साधं आहे: "आजीनं मला वाचायला शिकवलं, आणि तिला वाचता येत नव्हतं." मला वाटलं आजीचा चेहरा म्हणेल. ती म्हणाली, चष्मा. आजीचा चष्मा अजून फडताळात आहे, एका काडीला दोरा गुंडाळलेला. नातीनं वाचलेलं पुस्तक ती तो चष्मा लावून हातात धरायची आणि नुसती पानांवरून बोट फिरवायची.

भाषणात चष्मा कुठेच नाही. तिनं विचारलं, "बाई, तो घालू का?" मी म्हटलं, तुला ठरवायचंय. दुपारनंतर तिनं येऊन सांगितलं की नाही घालणार. वाक्य मात्र आहे तिथेच ठेवणार, आणि आवाज फुटला तर फुटू देणार.

वहीताई, वाक्य मोठ्यानं वाचून बघितलं. शेवटी 'नव्हतं' येतं आणि आवाज तिथे आपोआप खाली उतरतो. मी गंमत म्हणून 'आजीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं मला शिकवलं' असं उलटं म्हणायला सांगितलं. तिनं ते न अडखळता, कोरड्या आवाजात म्हटलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

फेब्रुवारीत पुन्हा स्पर्धा आहे, रत्नागिरीला. ती जाणार आहे.